मिटल्या डोक्याचा चार

मुक्काम: विजयमाला टुरिंग टॉकीजचा तंबू,
इस्लामपूरच्या अलीकडे, साखर कारखान्याच्या रस्त्याला
सोमवार, ता. १८ फेब्रुवारी १९७४

वडीलकीच्या मानानं वंदनीय श्री. ज्योतिबा पेंटर, मिरज, यांना धाकट्या पाव्हण्याचा, म्हणजे सयाजीचा, वाकून नमस्कार.

इकडे मी, तुमची बहीण राहीबाई, प्रोजेक्टरचं मशीन आणि डिझेलचं इंजिन असे चौघेही सुखरूप आहोत. त्यातल्या त्यात इंजिनाला थोडा खोकला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? शिडीवर चढून बोर्ड रंगवणं आता कमी करावं, खालून हात पोचेल एवढेच बोर्ड घ्यावेत. वहिनींना नमस्कार सांगावा. मिरजेत दवाखाने पुष्कळ आहेत म्हणून उगाच तिकडे जाऊ नये. (आमचे मालक नानासो एक दाढ दाखवायला म्हणून मिरजेला आले होते आणि तीन दाढा देऊन परत गेले, हे तुम्हांला माहीत आहेच.)

मागच्या महिन्यात माझ्या नावचं एक पोस्टकार्ड तुम्हांला पोचलं असेल. त्यात तुमच्या ब्रशबद्दल, तुमच्या हाताबद्दल आणि तुम्हांला आकडे शिकवणाऱ्या मास्तरांबद्दल काही मजकूर आहे. तो मी मागे घेतो. कार्ड उघडं असल्यामुळं तुमच्या आधी ते गल्लीतल्या चौघांनी वाचलं असं ऐकतो, त्या चौघांनाही कळवावं की मजकूर मागे घेतला आहे. त्या कार्डात जिथं जिथं 'चूक' हा शब्द आला असेल तिथं 'योजना' असं वाचावं, म्हणजे अर्थ बरोबर लागेल. कारण पाव्हणं, त्या गोष्टीचं आता असं झालं आहे की येत्या शुक्रवारी तुमच्या मेहुण्याचं नाव सिनेमाच्या पडद्यावर जायचं की नाही हे ठरणार आहे. पडद्यावर म्हणजे पडद्याच्या मागे नव्हे, बाजूला नव्हे, पडद्यावर.

एकवीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं पडद्यावर पाडतो आहे. नटांची नावं येतात ते ठीक. पण केस विंचरणाऱ्याचं नाव येतं, कपडे शिवणाऱ्याचं येतं, एका पिक्चरमध्ये तर ज्याच्या बैलानं काम केलं त्या मालकाचे आभार मानलेले मी पाहिले. आणि ही सगळी नावं ज्याच्या हातातल्या उजेडामुळं दिसतात त्या ऑपरेटरचं नाव आजवर कुणी लिहिलेलं नाही. मला ते लागतं. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण लागतं. तर आता सविस्तर ऐका, आणि वहिनींनाही मोठ्यानं वाचून दाखवा (कार्डाबद्दलचा भाग वगळून).

हे जे लॉटरीचं पिक्चर आहे ते कोल्हापूरच्या भाऊसोंनी स्वतःचं भांडवल घालून काढलं. विनोदी आहे. आमच्याकडे ते आठ डब्यांत येतं, आणि आमचं मशीन एकच असल्यामुळं डबा संपला की मी रीळ बदलेपर्यंत लोक शेंगा खातात. पूर्वी हाताखाली एक माणूस होता, तो पलटणीत भरती झाला, तेव्हापासून डबे हातात द्यायचं काम राहीबाई करते. (पहिला डबा सुरू होईपर्यंत ती बायकांच्या बाजूला तिकिटं फाडते, मग माझ्याजवळ येते.) मी मशीनमधल्या उजेडाच्या, म्हणजे कार्बनच्या, कांड्या बघत असतो, तिकडची नजर काढली तर पडद्यावर अंधार होतो. तेव्हा हातात येईल तो डबा लावायचा, ही पद्धत आहे.

पिक्चरची गोष्ट अशी. नायक लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. पहिल्या तीन डब्यांत गरिबी, उपास, सावकार, आणि त्याची बायको अंगणातली एकुलती एक कोंबडी विकून त्याला लॉटरीचं तिकीट आणून देते. चौथ्या डब्यात सोडत निघते आणि त्याला पहिलं बक्षीस लागतं. सगळा बँड त्याच्यासाठी वाजतो, तो बायकोला टोपलीभर कोंबड्या आणून देतो, ती कोंबड्यांच्या मधोमध उभी राहून हसते, आणि 'मध्यंतर' अशी पाटी येते. पाच, सहा आणि सात या डब्यांत बंगला, मोटार, विलायती कुत्रं आणि कुठून कुठून निघालेले नातेवाईक. आठव्यात सगळं जातं. बंगल्याचा लिलाव होतो, नातेवाईक पळतात, कुत्रंसुद्धा थांबत नाही. नायक परत झोपडीत येऊन पाटावर बसतो, बायको भाकरी वाढते, तो म्हणतो, आता मला काही नको, आणि 'समाप्त'.

लॉटरीची आजवर जेवढी पिक्चरं मी चालवली त्या सगळ्यांची बांधणी हीच. मध्यंतराला पैसा येतो, शेवटाला जातो. लिहिणाऱ्याला वाटतं, गरिबाला पैसा पचत नाही असं दाखवलं की लोकांना शिकवण मिळते. फलटणला आम्ही हे पिक्चर डब्यांच्या क्रमानं लावलं होतं. पहिल्या दिवशी तंबू भरला. दुसऱ्या दिवशी निम्मा. चौथ्या दिवशी आत आम्ही होतो आणि थंडीची आलेली दोन कुत्री. तिथल्या साखर कारखान्याची माणसं दिवसभर उसात राबून येतात, त्यांना रात्री पाटावर बसलेल्या माणसाकडून 'मला काही नको' असं ऐकायचं नव्हतं. राहीबाई मात्र चारही दिवस बघत होती आणि घरी (म्हणजे तंबूमागच्या पालात) आल्यावर मला एकच विचारत होती, त्या बाईची कोंबडी मग कुठं गेली. मी म्हटलं, कोंबडी हा गोष्टीचा भाग नाही. तिनं भाकरी वाढली. तेव्हा मला वाटलं की तिला पटलं.

मग संक्रांतीला तुम्ही तिळगूळ घेऊन बहिणीकडे आलात. डब्यांवरचे आकडे गंजून गेले होते, नानासोंनी तुम्हांला म्हटलं, पेंटर, आलाच आहात तर हात फिरवा. तुम्ही एकपासून चारपर्यंत झकास मराठी आकडे काढलेत. तेवढ्यात नानासो परत आले आणि म्हणाले की डबे कोल्हापूरला परत जायचे असतात, इंग्रजी काढा. तुम्ही पाचपासून आठपर्यंत इंग्रजी काढलेत आणि आधीचे चार तसेच ठेवलेत, कारण तोवर जेवण तयार झालं होतं. इथपर्यंत तुमचा काही दोष नाही. पण पाव्हणं, मराठी चाराचं डोकं वरून उघडं असतं. तुमच्या चाराचं डोकं मिटलेलं आहे. तो चार आणि इंग्रजी आठ शेजारी ठेवले तर त्यांची आईसुद्धा फसेल. (हेच त्या कार्डात मी जरा वेगळ्या शब्दांत लिहिलं होतं.)

इथला पहिला खेळ. एक झाला, दोन झाला, तीन झाला. चौथ्या वेळेला हातात डबा आला, लावला. पडद्यावर बंगल्याचा लिलाव. बंगला अजून कुणी बघितलेला नाही आणि लिलाव सुरू. मी कांड्या सोडून मान वर करतो तोवर नायक पाटावर बसून 'मला काही नको' म्हणतो आहे आणि 'समाप्त'. आमचा इंजिनवाला अल्लाबक्ष 'समाप्त' दिसलं की इंजिन बंद करतो, त्याची ती रोजची सवय. त्यानं बंद केलं. सगळा तंबू काळोखात, आणि काळोखातून एक म्हातारा म्हणाला, "संपलं व्हय रं? आजून तिकीट बी लागलं न्हाई त्येला."

अशा वेळी माणसाची पारख होते. मी अल्लाबक्षला इंजिन सुरू करायला लावलं, माइक हातात घेतला आणि शांतपणे सांगितलं की प्रेक्षकांनी जागेवर बसावं, हे मध्यंतर आहे, या पिक्चरची बांधणी नव्या पद्धतीची आहे. एकदा असं बोलल्यावर पुढचा डबा पाचाचाच लावणं भाग होतं. पाच, सहा, सात लावले. बंगला, मोटार, कुत्रं. लोक हसू लागले. आणि उरला एकच डबा, तो शेवटी लावला. सोडत निघाली, नंबर लागला, बँड वाजायला लागला, आणि पाव्हणं, अख्खा तंबू उभा राहिला. टोप्या उडाल्या. बायकांच्या बाजूनं कनात पडेल इतक्या टाळ्या आल्या. कोंबड्यांच्या मधोमध ती बाई हसत उभी, आणि वर पाटी, 'मध्यंतर'.

लोक हलेनात. पुढचा भाग बघायचा म्हणून सगळे खाली बसले आणि शेंगा मागवल्या. मला पुन्हा माइक घ्यावा लागला. मी सांगितलं की आता पुढचा भाग नाही, त्याला पैसा मिळाला, तो आता त्याच्यापाशीच राहील. मग मघाचाच म्हातारा म्हणाला, "न्हाई ना काडून घेत परत? मग चला." आणि सगळे हसत घरी गेले. एकवीस वर्षांत मी लोकांना रडत घरी जाताना पाहिलं आहे, भांडत जाताना पाहिलं आहे, पण असं निवांत जाताना पाहिलं नव्हतं. मला भरून आलं, हे तुम्हांला म्हणून सांगतो.

(तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते कार्ड मी का लिहिलं, असं तुम्ही विचाराल. नानासो तावातावानं माझ्यासमोर उभे होते आणि कुणाचं तरी नाव घेणं जरुरीचं होतं.)

संध्याकाळी नानासोंनी सांगितलं की डबे सरळ लावायचे. पण सहा वाजल्यापासून लोकांनी रस्ता भरून टाकला होता आणि सगळे म्हणत होते, "कालच्यावाणी उलटं लावा." मग मी 'समाप्त'ची पट्टी आठाच्या रिळातून कापून चाराच्या शेवटाला जोडली आणि 'मध्यंतर'ची आठाला. (कापायला परवानगी नसते. हे पत्र वाचून झाल्यावर फाडावं.) गावात अर्जुना सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले गृहस्थ आहेत, ते रोज पुढच्या रांगेत बसतात आणि नव्या माणसाला पिक्चर समजावून देतात. त्यांचं म्हणणं असं, "चवथ्या डब्यात त्येला पैका गेल्यालं सपान पडतंय. पाच ते सात म्हंजी रिहर्सल. बंगल्यात कसं वागायचं ह्याची परेड. आन् मग शेवटाला खरी लढाई, तवा गडी तयार झाल्याला आसतोय." माझ्या डोक्यातली बांधणी त्यांनी इतक्या थोडक्या शब्दांत सांगितली की मलाही ती तेव्हाच नीट कळली.

पिक्चरचा इथं आता चौथा आठवडा चालू आहे. मागच्या मंगळवारी शेवटच्या बाकावर एक पांढऱ्या टोपीतले गृहस्थ येऊन बसले. ते स्वतः भाऊसो निघाले. सगळीकडे पडलेलं आपलं पिक्चर एका तंबूत तीन आठवडे कसं चालतं हे बघायला ते न सांगता आले होते. मला कळलं तेव्हा सातवा डबा चालू होता. माझी कांड्यांवरची नजर निघाली आणि पडद्यावरच्या बंगल्यात भर दुपारी अंधार झाला. खेळ संपल्यावर ते मशीनपाशी आले. डोळे पुसत होते. म्हणाले, "ही बांधणी कोणाची?"

मी म्हणालो, "माझी."

पाव्हणं, एवढा एक शब्द बोलायला मला एकवीस वर्षं लागली, आणि बोललो तेव्हा नानासो, अल्लाबक्ष, राहीबाई सगळे समोर होते. भाऊसोंनी माझा हात हातात घेतला. त्यांचं पुढचं पिक्चरही लॉटरीचंच आहे, गोष्टीचे आठ कागद त्यांनी माझ्याकडे दिले, मुद्दाम आकडे न घालता. म्हणाले, शुक्रवारी येतो, कोणता कागद कुठं जायचा ते सांगा. पटलं तर पडद्यावर पाटी येईल, 'कथेची बांधणी', आणि खाली तुमचं नाव. न पटलं तर काय होईल ते नानासोंनी मागाहून सांगितलं, ते इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी नानासोंच्या खुर्चीवर बसलो तरी ते काही म्हणत नाहीत, पण खुर्चीकडे बघत मात्र राहतात.

तर तुमचा पाव्हणा आता असा आहे. गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून स्वतःच्या घरातल्या भानगडी सांगतात आणि यात आधी काय लावायचं असं विचारतात. मी सांगतो. तब्येतीला जपावं, वहिनींना आणि पोराबाळांना माझी आठवण सांगावी, आणि गल्लीत चार माणसं जमवून हे पत्र वाचावं, म्हणजे कार्डाची भरपाई होईल.

तुमचा नम्र,
सयाजी (ऑपरेटर, शुक्रवारनंतर काय लिहायचं ते नंतर कळवीन)

ता. क. एक छोटंसं काम होतं. हे आठ कागद पत्रासोबत पाठवत आहे. गेले पाच दिवस मी ते लावून बघतो आहे. हातात आले त्या क्रमातला चौथा आणि आठवा बदलून पाहिले, तर नायकाला मूल आधी होतं आणि लग्न मागाहून, ते आपल्याकडे चालायचं नाही. दुसरे बदलून पाहिले तर सावकार मेल्यावर तगाद्याला येतो. तुम्ही एक करावं. डब्यांवर काढले तसे या कागदांवर एकपासून आठपर्यंत आकडे काढावेत, निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी, जेवायच्या घाईत काढावेत, फार विचार करू नये, आणि गुरुवारपर्यंत स्वतः घेऊन यावेत. ब्रश तोच आणावा.

ता. क. २. वरचं वाचून तुमच्या मनात येईल की मग बांधणी सयाजीची कशी, ती तर माझ्या चाराची. मी नाकारत नाही. पाटीवर 'साहाय्य: ज्योतिबा पेंटर' असं बारीक अक्षरात घालता येईल. तुमचं अक्षर बारीकही चांगलं येतं.

ता. क. ३. मी मोठ्यानं वाचत वाचत लिहितो ही माझी सवय वाईट. राहीबाई मागे उभी राहून सगळं ऐकत होती. आता पुढचं ती सांगेल तसंच लिहायचं, एक अक्षर बदलायचं नाही, असा हुकूम आहे.

"दादा, मी राही. गुडघ्याला निरगुडी लाव. ह्यांनी तू फसलास आसं लिवलंया, आन् आपुन फसलो आसंबी लिवलंया. (मी असं लिहिलेलं नाही.) फसलं कुणीच न्हाई. त्वाच मला चुलीफुडं राखंत बोटानं आकडं शिकिवलंस. तुजा चार डोकं मिटल्याला आसतुया, ह्ये मला सा वर्साची आसल्यापास्नं ठावं हाय. त्यातनं चाराच्या डब्याला बुडाला पोचा हाय, आंधारातबी हाताला लागतोय. मला दोनी डबं वळकू येत हुतं. फलटणला चार दिस म्या त्या बाईला बगितली. घरातली कोंबडी तिनं इकली, तिकीट तिनं आणलं, आन् शेवटाला नवरा पाटावर बसून म्हंतो, मला काय नको. आरं तुला नको, पर तिला इचारलंस का? म्हून म्या आठाचा डबा आदी दिला. एकदा उरकून टाकावा म्हनलं. चार मागं ठिवला."

(हे मला आजच कळतं आहे. मध्ये उठून मी चाराच्या डब्याचं बूड चाचपून आलो, पोचा आहे.)

"ह्यास्नी बोलली न्हाई, कारन त्या मंगळवारी ह्यांनी 'माझी' म्हनलं तवा ह्यांचं त्वांड आसं झालं हुतं की मला बोलवंना. पर आता कागुद मिरजंला धाडाय लागल्यात म्हंजी बोलाया पायजे. कागुद म्या ऐकल्यात. त्यातबी एक बाई हाय, तिचं जोडवं जातंय आन् परत येत न्हाई. सुक्रवारी ह्यांनी मशीन बगावं. भाऊसोंला मी सांगती, कंचा कागुद मागं ठिवायचा त्यो."

ता. क. ४. कागद पाठवत नाही, ते तिनं काढून घेतले. तुम्ही मात्र गुरुवारी या, ब्रश घेऊन या. पाटीवर दोन नावं बसतात का ते मोजून बघायचं आहे. माझं राहू द्यावं अशी माझी इच्छा आहे, पण वर तिचं काढा. जागा कमी पडली तर काय करायचं ते तुम्हीच ठरवा, मी तेव्हा कांड्या बघत असेन.

खाली सही म्हणून तिनं स्वतःच्या हातानं चार काढला आहे. मला तो आठच दिसतो. तुम्हांला काय दिसतो ते कळवावं.